हदिसांची परंपरा आणि तिची परीक्षा

इसवी सनाच्या आठव्या शतकांतील ही गोष्ट आहे. बसरा शहरीं शुअबा इब्न अल्-हज्जाज नांवाच्या विद्वानाच्या दाराशीं कांहीं विद्यार्थी बसून पैगंबरांच्या वचनांची उजळणी करीत होते. त्यांपैकीं एकानें एक वचन म्हटलें, आणि तें ज्यांच्या ज्यांच्या मुखांतून आलें त्यांचीं नांवें क्रमानें सांगितलीं : इस्राईल, त्याच्या मागें अबू इस्हाक, त्याच्या मागें अब्दुल्ला इब्न अता, आणि शेवटीं पैगंबरांचे सहचर उक्बा इब्न आमिर. वचन साधेंच होतें. अंगशुद्धि करून मनोभावें नमाज पढणारास काय फळ मिळतें, एवढाच त्याचा विषय. इतक्यांत शुअबा बाहेर आला. त्यानें तें ऐकिलें, आणि त्या विद्यार्थ्याच्या तोंडांत एक चपराक मारून तो पुन्हां आंत निघून गेला. थोड्या वेळानें बाहेर येऊन पाहतो तों तो विद्यार्थी एका बाजूस रडत बसलेला. तुम्ही ह्याजवर अन्याय केलात, असें मंडळींपैकीं एकानें म्हणतांच शुअबानें आपली हकीकत सांगितली.

हेंच वचन त्यानें पूर्वीं कूफ्याच्या अबू इस्हाकाकडून ऐकिलें होतें. अब्दुल्ला इब्न अतानें तें उक्बांच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकिलें होतें काय, असें विचारतां अबू इस्हाक रागावला. अब्दुल्ला मक्केंत हयात आहे असें दुसऱ्या कोणी सांगितल्यावरून शुअबा मक्केस गेला. यात्रेसाठीं नव्हे, त्या एका वचनासाठीं. अब्दुल्ला म्हणाला, मला तें साद इब्न इब्राहीमनें सांगितलें. साद मदिनेंत होता, म्हणून शुअबा मदिनेस गेला. साद म्हणाला, हें तर तुमच्याकडचेंच, बसऱ्याच्या जियाद इब्न मिख्राकनें मला सांगितलें. शुअबा परत बसऱ्यास आला. जियाद आधीं सांगेना. फारच आग्रह झाला तेव्हां त्यानें शह्र इब्न हौशब ह्याचें नांव घेतलें. तें नांव कानीं पडतांच शुअबाची आशा मावळली, कारण शह्राच्या शब्दावर त्याचा मुळींच भरंवसा नव्हता. वरून अखंड दिसणाऱ्या त्या साखळींतून निदान तीन माणसें गळलीं होतीं, आणि जीं गळलीं त्यांतच दुबळा दुवा होता. विद्यार्थ्याच्या गालावर बसलेली चपराक ही ह्या एवढ्या प्रवासाची होती.

हदीस म्हणजे पैगंबरांनीं काय सांगितलें, काय केलें व त्यांच्या समोर घडलेल्या कोणत्या गोष्टीस मौनानें संमति दिली, ह्याचें वृत्त. कुराणाची संहिता तिसरे खलीफा उस्मान ह्यांच्या कारकीर्दींत (इ. स. ६४४–६५६) निश्चित करण्यांत आली, असें परंपरा सांगते, हदिसांस असें भाग्य लाभलें नाहीं. पैगंबर इ. स. ६३२ मध्यें निवर्तले. ज्या ग्रंथांस सुन्नी समाजांत आज प्रमाण मानतात ते सहा संग्रह, म्हणजे बुखारी, मुस्लिम, अबू दाऊद, तिर्मिजी, नसाई व इब्न माजा ह्यांचे, बहुतेक नवव्या शतकांतील होत. मधलीं दोनशें वर्षें हीं वचनें माणसांच्या स्मरणांत, खासगी टिपणांत, मशिदींतील पाठांत व लहानमोठ्या संकलनांत वावरत होतीं. त्यांचा वापर मात्र पहिल्या दिवसापासून होता. कुराणांत प्रार्थनेची आज्ञा आहे, परंतु ती कोणत्या वेळीं किती आवर्तनांनीं करावी ह्याचा तपशील परंपरेंतून घ्यावा लागतो. वारसा, विवाह, कर्ज, साक्ष, सर्वांची हीच गत. पहिले खलीफा अबू बक्र ह्यांच्याकडे एक म्हातारी आपल्या मृत नातवाच्या मालमत्तेंत वांटा मागण्यास आली, तेव्हां त्यांनीं तिला सांगितलें कीं, कुराणांत आजीचा वांटा सांगितलेला नाहीं व पैगंबरांचें वचनहि मला ठाऊक नाहीं. मुगीरा इब्न शुअबा ह्यांनीं पुढें येऊन पैगंबरांनीं आजीस सहावा हिस्सा दिल्याचें सांगितलें. एवढ्यावर अबू बक्र ह्यांचें समाधान झालें नाहीं. त्यांनीं दुसरा साक्षीदार मागितला. महंमद इब्न मस्लमा ह्यांनीं दुजोरा दिला, तेव्हां म्हातारीच्या पदरांत तिचा वांटा पडला. स्मृतीच्या खरेपणावर एखाद्या निराधार बाईचें अन्न अवलंबून असूं शकतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पुढील पिढ्यांच्या कडवेपणाचा अर्थ लागतो.

वचनें लिहावींत कीं लिहूं नयेत, ह्याविषयींहि आरंभीं एकमत नव्हतें. कुराणाशीं त्यांची सरमिसळ होईल ह्या भीतीनें लेखनास मनाई होती असें एक परंपरा सांगते. अब्दुल्ला इब्न अम्र ह्यांस लिहिण्याची परवानगी दिली होती असें दुसरी सांगते. उमय्या खलीफा दुसरा उमर (इ. स. ७१७–७२०) ह्यानें वचनें जमविण्याचा हुकूम काढला, आणि इब्न शिहाब अज्-जुहरी (मृत्यु इ. स. ७४२) हा त्या कामांतील मोठा पंडित. तथापि कागदावर असलेलें वचन सुद्धां गुरूच्या तोंडून ऐकल्यावांचून किंवा त्याला वाचून दाखविल्यावांचून खरें मानीत नसत. अरबी लिपींत त्या काळीं नुक्ते व स्वरचिन्हें अपुरीं असल्यामुळें नुसता कागद फसवा होता, ही गोष्ट येथें विसरतां कामा नये.

इ. स. ६५६ मध्यें उस्मान ह्यांचा खून झाला आणि मुसलमान मुसलमानांविरुद्ध लढूं लागले. प्रत्येक पक्षास आपल्या पुढाऱ्याच्या थोरवीचें व विरुद्ध पक्षाच्या पापाचें वचन पैगंबरांच्या मुखांतून हवें होतें. आणि जें हवें असतें तें मिळतें. पण सर्वच बनावट राजकारणापोटीं झाली असें नाहीं. अब्बासी खलीफा अल्-महदी (इ. स. ७७५–७८५) ह्यास कबुतरांचा नाद होता. शर्यत फक्त बाण, उंट व घोडा ह्यांचीच योग्य, अशा अर्थाचें एक वचन प्रसिद्ध होतें. गियास इब्न इब्राहीम नांवाच्या दरबारी मनुष्यानें त्यांत ‘पंख’ हा एक शब्द हळूच घुसडून दिला. महदीनें त्याला बक्षीस दिलें, तो पाठमोरा झाल्यावर ही लबाडाची मान आहे असा शेरा मारला, आणि आपल्या नादापायीं पैगंबरांवर असत्य लादलें गेलें म्हणून कबुतरें मारून टाकविलीं, असें सांगतात. बक्षीस मात्र परत घेतल्याचें कोठें ऐकिवांत नाहीं. त्याच शतकांत अब्दुल करीम इब्न अबिल् औजा ह्यास देहान्त शिक्षा झाली, तेव्हां आपण चार हजार वचनें रचून लोकांत सोडून दिलीं आहेत असें तो म्हणाल्याचें प्रसिद्ध आहे.

ह्या दोघांहून अधिक घातक ठरले ते सज्जन. नूह इब्न अबी मर्यम हा काजी. कुराणाच्या एकेका अध्यायाच्या पठणाचें काय पुण्य, हें सांगणारीं वचनें त्यानें रचिलीं. लोक कायदा व लढायांच्या कथा ह्यांत रमून कुराणाकडे पाठ फिरवूं लागले म्हणून आपण हें केलें, असा कबुलीजबाब त्याच्या नांवावर आहे. दुष्टाच्या बनावटीस हेतूवरून ओळखतां येतें. साधूची बनावट साधुत्वाच्या वेषांत येते. त्यामुळें जुन्या परीक्षकांनीं विरक्त व भाविक मंडळींविषयीं विशेष सावधगिरी बाळगली. बाजाराचीहि कामगिरी कमी नव्हती. चौदाव्या शतकांतील इब्न अल्-कय्यिम ह्यानें खोट्या वचनांच्या खुणा सांगणारा एक छोटा ग्रंथ लिहिला आहे. त्यांत वांग्याची व मसुरीची स्तुति करणाऱ्या वचनांची त्यानें यथेच्छ टर उडविली आहे. वांगें कोणत्याहि इच्छेनें खाल्लें तरी ती इच्छा पुरवितें, असें पैगंबर म्हणाले म्हणे! कोण्या भाजीविक्याच्या कल्पकतेस हें सुचलें असावें, हा तर्क वाचकांवर सोंपवितों.

ह्या पुरास घातलेला बांध म्हणजे इस्नाद, सांगणाऱ्यांची साखळी. हदिसेचे दोन भाग. आधीं इस्नाद, मग मत्न म्हणजे मूळ मजकूर. तुला हें कोणी सांगितलें, त्याला कोणी, हा प्रश्न एकदां विचारला जाऊं लागल्यावर दुसरा प्रश्न आपोआप उभा राहिला : तो कोण? तो कधीं जन्मला, कोणत्या गांवीं राहिला, कोणाकडे शिकला, म्हातारपणीं त्याची स्मृति ढळली होती काय, त्याची टिपणें जळलीं काय, ज्याचें नांव तो सांगतो त्याच्या मृत्युसमयीं हा किती वर्षांचा होता? अशा चौकशींतून रावींचीं, म्हणजे वृत्त सांगणाऱ्यांचीं, हजारों चरित्रें तयार झालीं. राजे, सरदार व कवि ह्यांचीं चरित्रें सर्व देशांत आहेत. परंतु ज्यांची एकमेव कर्तबगारी म्हणजे ऐकिलेलें वाक्य पुढें सांगणें, अशा कापडविक्यांचीं, तेल्यांचीं व शाळामास्तरांचीं चरित्रें एवढ्या प्रमाणावर लिहिणारा दुसरा समाज माझ्या वाचनांत नाहीं.

ह्यांत एक नैतिक पेंच होता. पाठीमागें निंदा करणें हें इस्लामांत मोठें पाप, आणि ह्या शास्त्राचा धंदाच मुळीं अमका विसराळू, तमका खोटारडा असें नांव घेऊन लिहून ठेवण्याचा! ज्यांना दुबळे म्हणून शेरा मिळाला त्यांत नमाजी, सच्छील, गोरगरिबांस पोसणारे लोक होते. बुखारीचा गुरु अली इब्न अल्-मदीनी (मृत्यु इ. स. ८४९) ह्याला त्याच्या स्वतःच्या बापाविषयीं लोकांनीं विचारलें. दुसऱ्या कोणास विचारा, असें म्हणून त्यानें टाळून पाहिलें. लोकांनीं पुन्हां विचारलें तेव्हां तो कांहीं वेळ मान खालीं घालून बसला, आणि मग हा धर्माचा प्रश्न आहे, माझे वडील ह्या कामीं दुबळेच, असें त्यानें सांगितलें. बापाच्या नांवापुढें तो शेरा आजहि आहे.

महंमद इब्न इस्माईल अल्-बुखारी (इ. स. ८१०–८७०) ह्यानें सहा लाख हदिसांतून निवड करून आपला ‘सहीह’ सोळा वर्षांत सिद्ध केला असें म्हणतात. सहा लाख ह्या आंकड्यानें दचकण्याचें कारण नाहीं. एकच वचन दहा साखळ्यांनीं आलें तर त्या काळच्या हिशेबानें त्या दहा हदिसा होत. ‘सहीहां’त पुनरुक्ति धरून सात हजारांवर व ती वगळल्यास सुमारें २,६०० वचनें आहेत. एकानें दुसऱ्याकडून ऐकिलें असें मानण्यास दोघांची गांठ पडल्याचा पुरावा हवा, अशी बुखारीची अट, दोघे समकालीन असून गांठ पडणें शक्य असलें म्हणजे पुरे, असें त्याचा शिष्य मुस्लिम (मृत्यु इ. स. ८७५) म्हणतो, आणि प्रस्तावनेंत नांव न घेतां विरुद्ध मतावर तुटून पडतो. दहाव्या शतकांतील दारकुत्नी ह्यानें तर ह्या दोन्ही प्रमाणग्रंथांतील सुमारें दोनशें हदिसांवर आक्षेप घेतले. त्याबद्दल त्यास कोणी पाखंडी ठरविलें नाहीं; उलट मोठ्या परीक्षकांत त्याची गणना झाली.

बुखारीची एक कथा फार लोकप्रिय आहे. तो बगदादेस आला तेव्हां तेथील पंडितांनीं शंभर वचनें घेऊन एकाची साखळी दुसऱ्यास जोडली, आणि दहा जणांनीं दहा दहा वचनें भर सभेंत त्याला विचारलीं. प्रत्येकास त्यानें ‘मला ठाऊक नाहीं’ एवढेंच उत्तर दिलें. सर्वांचें संपल्यावर मात्र पहिल्या माणसाकडे वळून, तुम्ही असें म्हणालां, खरें असें आहे, ह्या क्रमानें शंभरहि साखळ्या त्यानें जागच्या जागीं बसविल्या. गोष्ट मोठी रम्य आहे. परंतु ती आपणांस इब्न अदी ह्याच्यामार्फत मिळते, व आपण ती अनेक वृद्धांकडून ऐकली एवढेंच तो सांगतो. त्या वृद्धांचीं नांवें देत नाहीं. बुखारीच्या पुढें असली निनांवी साखळी कोणी ठेवली असती तर तिची काय वाट लागली असती, हें सांगावयास नको.

ह्या शास्त्राचा कमकुवतपणा मला दुसरीकडे दिसतो. त्यानें माणूस जितका तोलला तितकें वाक्य तोललें नाहीं. तसें करणारीं माणसें आरंभीं होतीं. घरच्यांच्या रडण्यामुळें मृतास यातना होतात, असें वचन उमर व त्यांचे पुत्र ह्यांच्याकडून आलेलें आयेशा ह्यांच्या कानीं गेलें, तेव्हां पैगंबरांच्या ह्या पत्नीनें तें साफ नाकारलें. सांगणारे खोटे बोलत नाहींत, पण कान चुकतो, असें म्हणून त्यांनीं एकाचें ओझें दुसरा वाहत नाहीं ह्या अर्थाच्या कुराणवचनाकडे बोट दाखविलें. सांगणारा निष्कलंक, तरी सांगितलेलें चूक, हा केवढा महत्त्वाचा विवेक! पुढील पंडितांनीं मजकुरांतील दोषांचें प्रकरण शास्त्रांत ठेविलें खरें, पण बहुधा साखळीच्या आडून. मजकूर खटकला म्हणजे ते एखाद्या रावीचा दोष शोधीत. आयेशा ह्यांनीं नाकारलेलें तें वचनहि प्रमाणग्रंथांत आहे, आणि त्यांचा नकारहि तेथेंच शेजारीं आहे. दोन्ही ठेविलीं हें त्या संग्राहकांचें सौजन्य म्हणावें लागेल.

युरोपांत ह्या विषयाचा सांगोपांग विचार प्रथम इग्नाझ गोल्डझिहर ह्या हंगेरियन पंडितानें केला. १८९० सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यानें असा सिद्धान्त मांडला कीं, बहुतेक हदिसा पैगंबरांच्या काळाच्या नसून नंतरच्या दोन शतकांतील पक्षोपपक्षांच्या वादांचा आरसा आहेत. योसेफ शाख्त ह्यानें १९५० सालीं त्याच्याहि पुढें जाऊन सांगितलें कीं, साखळ्या मागें मागें वाढत गेल्या. आधीं एखाद्या काजीचें मत, मग तें सहचराचें, शेवटीं पैगंबरांचें. जेवढी साखळी निर्दोष तेवढी ती उशिराची, असा त्याचा रोंख. ह्या तर्कांत बळ आहे हें नाकारतां येत नाहीं. पण तो कोठें अडखळतो हेंहि पाहण्यासारखें आहे. पूर्वीं कोणी इस्नाद विचारीत नसे, ‘फित्ना’ म्हणजे बंडाळी झाली तेव्हां लोक नांवें विचारूं लागले, असें इब्न सीरीन (मृत्यु इ. स. ७२८) म्हणाल्याचें मुस्लिमनें नोंदलें आहे. ही बंडाळी म्हणजे इ. स. ७४४ मधील खलीफाचा वध, असें शाख्तचें मत. तें धरलें तर इब्न सीरीन त्यापूर्वींच वारलेला असल्यामुळें त्याचें म्हणून हें वाक्य खोटें ठरतें. पण बंडाळी उस्मानांच्या खुनानंतरची किंवा सातव्या शतकाच्या अखेरीकडची धरली तर वाक्य सहज बसतें. इस्नाद केव्हां जन्मला ह्याचा निवाडा एका इस्नादावर टेकलेल्या वाक्यानें करावयाचा, अशी ही अडचण आहे.

पुढें जुनीं साधनें छापून निघूं लागलीं, आणि वादाचें स्वरूप बदललें. यमनच्या अब्दुर्रज्जाक (मृत्यु इ. स. ८२७) ह्याचा ‘मुसन्नफ’ हा प्रचंड संग्रह भारतीय पंडित हबीबुर्रहमान आझमी ह्यांनीं संपादिला, व तो १९७० नंतर अकरा खंडांत बाहेर पडला. त्यावरून हाराल्ड मोत्स्की ह्या जर्मन अभ्यासकानें एक साधा मुद्दा काढला. त्यांतील इब्न जुरैज हा आपला गुरु अता ह्याचीं शेंकडों उत्तरें देतो. पण बहुतेक ठिकाणीं तीं अताचीं स्वतःचींच मतें म्हणून देतो, पैगंबरांचें नांव क्वचित् येतें, आणि कधीं कधीं गुरूचे शब्द आपणांस नीट कळले नाहींत असेंहि कबूल करतो. बनावटच करावयाची तर कोणी एवढा भित्रेपणानें कां करील? ह्या मार्गानें आठव्या शतकाच्या आरंभापर्यंत बऱ्याच विश्वासानें पोंचतां येतें, असें मला वाटतें. त्याच्या मागचा रस्ता अंधुक आहे, आणि तेथें एकेका वचनाचा स्वतंत्र विचार करण्यावांचून गति नाहीं.

अशाच आणखी एका साधनाचा शोध दख्खनच्या माणसानें लाविला. अबू हुरैरा ह्या सहचरांच्या नांवावर पांच हजारांहून अधिक हदिसा मोजल्या जातात. पैगंबरांचा सहवास त्यांस अवघ्या तीन-चार वर्षांचा, म्हणून त्यांच्यावर जुन्या काळापासून आक्षेप. त्यांचा यमनी शिष्य हम्माम इब्न मुनब्बिह ह्यानें उतरून घेतलेल्या १३८ वचनांच्या वहीच्या प्रती बर्लिन व दमास्कस येथें निघाल्या, आणि हैदराबादेंत जन्मलेले डॉ. महंमद हमीदुल्ला (१९०८–२००२) ह्यांनीं ती १९५३ मध्यें प्रसिद्ध केली. अहमद इब्न हन्बल (मृत्यु इ. स. ८५५) ह्याच्या ‘मुस्नदां’त हींच वचनें जवळजवळ जशींच्या तशीं आहेत. परंपरेच्या अभिमान्यांस ह्याचा मोठा आनंद झाला, व तो साहजिक होता. तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही वही आपल्या हातीं येते तीहि हम्माम, मामर, अब्दुर्रज्जाक ह्याच साखळीनें, आणि अहमद हा अब्दुर्रज्जाकाचा शिष्य. अब्दुर्रज्जाकापासून पुढें मजकूर फारसा ढळला नाहीं, एवढें ह्यावरून सिद्ध होतें. अबू हुरैरांनीं हम्मामास काय सांगितलें, ह्यावर तिचा प्रकाश तितकासा पडत नाहीं.

हैदराबादचा ह्या विषयाशीं संबंध एवढाच नाहीं. निजामाच्या राज्यांत १८८८ सालीं स्थापन झालेल्या दाइरतुल मआरिफ ह्या संस्थेनें हदीसशास्त्राचे मोठमोठे अरबी ग्रंथ हस्तलिखितांवरून छापून काढले, आणि कैरो व दमास्कसचे पंडितहि त्या आवृत्त्या वापरीत आले. मराठवाडा त्या वेळीं त्याच राज्यांत असल्यामुळें परभणी-नांदेडच्या शेतसाऱ्याचाहि कांहीं अंश ह्या छपाईस लागला असेल. खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या बुऱ्हाणपुरांत जन्मलेला अली मुत्तकी (मृत्यु मक्का, इ. स. १५६७) ह्याचा शेहेचाळीस हजारांवर वचनांचा ‘कन्जुल उम्माल’ तेथेंच छापला गेला. मात्र त्यांत साखळ्या गाळून केवळ मूळ ग्रंथांच्या खुणा दिल्या आहेत. ग्रंथ वापरण्यास सोईचा झाला, आणि शुअबा ज्यासाठीं मक्केस गेला होता तें त्यांतून निघून गेलें.

ह्याच संस्थेनें १९०७ पासून बारा खंडांत छापलेला इब्न हजर (मृत्यु इ. स. १४४९) ह्याचा ‘तहजीबुत् तहजीब’ हा रावींच्या चरित्रांचा कोश ज्याला पहावयास मिळेल त्यानें त्यांत एक नांव अवश्य काढून पहावें : नस्र इब्न हम्माद अल्-वर्राक. लेखाच्या आरंभीं ज्याच्या गालावर शुअबाची चपराक बसली तो विद्यार्थी हाच. आणि ती सबंध हकीकत, कूफा, मक्का, मदिना व पुन्हां बसरा ह्या प्रवासासह, त्या रूपांत जगास सांगणाराहि हाच. नस्राच्या नांवाखालीं परीक्षकांचीं मतें दिलीं आहेत. यह्या इब्न मईन ह्यानें त्यास खोटारडा म्हटलें आहे.